स्टोरेज टीममध्ये नवीन आहात? डिस्क, लन आणि परवानग्यांची पहिली ओळख

मी सर्व्हर सांभाळणाऱ्या टीममधून स्टोरेजकडे आले तेव्हा लिनक्स मला चांगलं येत होतं. रूटचा, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड हातात असला की मशीनवर आपल्याला कुणी अडवत नाही, याची खात्री होती. पहिल्याच आठवड्यात एका डेटाबेस सर्व्हरला ५०० जीबी जागा वाढवून द्यायची होती. रूट मिळालं होतं, कमांड बरोबर होत्या, पण मशीनला नवीन डिस्क दिसेचना. दोन तास मी त्याच मशीनवर शोधत राहिले. अडलं होतं भलतीकडेच. ती डिस्क त्या सर्व्हरला दाखवायची परवानगी अनेक डिस्क एकत्र सांभाळणाऱ्या स्टोरेज अ‍ॅरेवर कुणी दिलेलीच नव्हती, आणि अ‍ॅरेवर माझं खातं फक्त बघण्यापुरतं होतं.

मोठ्या स्टोरेजमध्ये परवानगी एका जागी नसते, हे मला त्या दिवशी कळलं. डिस्कपासून फाइलपर्यंत पाच-सहा थर असतात. प्रत्येक थराचं दार वेगळं आणि किल्ली सांभाळणारा माणूसही वेगळा. एका थरावर तुम्ही सर्वेसर्वा असाल आणि शेजारच्या थरावर तुम्हाला साधं खातंही नसेल. हे सुरुवातीलाच लक्षात घेतलंत तर तुमचे ते दोन तास वाचतील. पुढची उदाहरणं मुख्यतः लिनक्सची आहेत. विंडोजमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

१. आधी सगळे थर कागदावर काढा

सर्वांत खाली अ‍ॅरेमधल्या खऱ्याखुऱ्या डिस्क. अशा अनेक डिस्क एकत्र बांधून रेड ग्रुप (एखादी डिस्क बिघडली तरी डेटा टिकावा अशी मांडणी) किंवा पूल तयार होतो आणि त्या पूलमधून कापलेला एक तुकडा म्हणजे लन. सर्व्हरला लन हीच एक डिस्क वाटते. तिच्यामागे आठ डिस्क आहेत की ऐंशी, याचा त्याला पत्ता नसतो.

लन सर्व्हरपर्यंत पोचतो तो स्टोरेजच्या नेटवर्कवरून. फायबर चॅनल (स्टोरेजसाठी बनवलेलं वेगळं नेटवर्क) असेल तर सर्व्हरच्या आणि अ‍ॅरेच्या प्रत्येक पोर्टला डब्ल्यूडब्ल्यूएन नावाचा ६४ बिटांचा, म्हणजे १६ हेक्स अंकांचा, ओळख क्रमांक असतो. इथे दोन गोष्टींची गल्लत हमखास होते. झोनिंग स्विचवर होतं. कोणता पोर्ट कोणत्या पोर्टशी बोलू शकतो ते तिथे ठरतं. मास्किंग अ‍ॅरेवर होतं. कोणता लन कोणत्या सर्व्हरला दाखवायचा ते तिथे ठरतं. रस्ता झोनिंगने उघडतो, दार मास्किंगने. झोनिंग झालं आणि मास्किंग राहिलं तर सर्व्हरचा पोर्ट अ‍ॅरेवर लॉगिन झालेला दिसतो, पण लन काही मिळत नाही. माझं पहिल्या आठवड्यात नेमकं हेच झालं होतं. आयस्कझी (साध्या आयपी नेटवर्कवरून लन पोचवायची पद्धत) असेल तर डब्ल्यूडब्ल्यूएनच्या जागी आयक्यूएन नावाची ओळख येते, साधारणपणे ३२६० क्रमांकाचा पोर्ट फायरवॉलमध्ये उघडावा लागतो आणि वर चॅप नावाच्या ओळख-तपासणीचा पासवर्ड असू शकतो.

सर्व्हरच्या आत मल्टिपाथ (एकाच लनकडे जाणारे अनेक पाथ एका नावाखाली आणणारा थर), त्यावर व्हॉल्यूम मॅनेजर (डिस्कची जागा वाटून देणारा), त्यावर फाइल सिस्टिम, मग माउंट (फाइल सिस्टिम एका फोल्डरला जोडणं), आणि शेवटी एकेका फाइलवरचे हक्क. डेटाबेस किंवा अ‍ॅप्लिकेशनचे स्वतःचे यूझर असतात ते याच्याही वर.

हे चित्र तुमच्या ठिकाणच्या खऱ्या नावांनी काढा आणि प्रत्येक थरासमोर तीन रकाने ठेवा: इथे बदल कोण करतं, इथे माझं खातं कोणत्या पातळीचं आहे, अडलं तर विचारायचं कुणाला. लहान ठिकाणी सगळे थर एकाच माणसाकडे असतील, तरी रकाने भरा. तो माणूस रजेवर गेला की या कागदाची किंमत कळते.

२. एकच शब्द, चार अर्थ

एलव्हीएम या लिनक्सच्या व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये तीन पायऱ्या आहेत. डिस्कवर खूण केली की ती फिजिकल व्हॉल्यूम होते, अनेक फिजिकल व्हॉल्यूम मिळून व्हॉल्यूम ग्रुप बनतो, आणि ग्रुपमधून लॉजिकल व्हॉल्यूम काढतात. जागेची वाटणी एक्स्टेंट नावाच्या तुकड्यांत होते. वेगळं काही सांगितलं नाही तर एक एक्स्टेंट ४ एमआयबीचा (एमआयबी म्हणजे द्विमान पद्धतीतला एमबी) असतो. व्हेरिटास व्हॉल्यूम मॅनेजरमध्ये याच कल्पनांना वेगळी नावं आहेत: डिस्क ग्रुप, सबडिस्क, प्लेक्स आणि व्हॉल्यूम. प्लेक्स म्हणजे व्हॉल्यूममधल्या डेटाची एक प्रत. दोन प्लेक्स असले की मिरर.

आता गोंधळ बघा. काही अ‍ॅरेवर लनलाच व्हॉल्यूम म्हणतात. ‘ग्रुप’ म्हटलं तर तो रेड ग्रुप असेल, व्हॉल्यूम ग्रुप असेल, अ‍ॅरेवरचा होस्ट ग्रुप (सर्व्हरांचा गट) असेल, नाहीतर लिनक्सच्या यूझरांचा ग्रुप असेल. आणि व्हेरिटासचा डिस्क ग्रुप वेगळा, लिनक्समधला ‘डिस्क’ नावाचा यूझर ग्रुप अगदीच वेगळा. फोनवर कुणी ‘त्या व्हॉल्यूमवर परवानगी द्या’ म्हणालं तर लगेच विचारा: अ‍ॅरेवरचा व्हॉल्यूम की सर्व्हरवरचा? हे विचारण्यात अजिबात कमीपणा नाही. अनुभवी माणसंही हेच विचारतात.

३. आकडे बोलण्याआधी एकक ठरवा

डिस्क बनवणारे टीबी दशमान पद्धतीने मोजतात आणि बऱ्याच कमांड द्विमान पद्धतीने. त्यामुळे ४ टीबीची डिस्क सर्व्हरवर साधारण ३.६४ टीआयबी (द्विमान पद्धतीतला टीबी) दिसते. जागा कुठेही गेलेली नसते. पण मागणी करणाऱ्याने एक एकक धरलं आणि देणाऱ्याने दुसरं, तर महिनाभराने ‘तुम्ही कमी दिलंत’ अशी तक्रार येते. मागणीच्या फॉर्ममध्येच एकक लिहून घ्या.

रेडची कल्पना बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कात्झ यांनी १९८८ मध्ये मांडली. रोजच्या कामापुरतं एवढं पुरे: ४ टीबीच्या आठ डिस्क असतील तर रेड ५ मध्ये २८ टीबी वापरता येतात आणि एक डिस्क गेली तरी चालतं; रेड ६ मध्ये २४ टीबी आणि दोन गेल्या तरी चालतं; रेड १० मध्ये १६ टीबी. मोठ्या डिस्कवर रेड ५ घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगेन. गेलेल्या डिस्कच्या जागी नवी भरून निघायला तासन् तास लागतात, आणि तेवढ्या वेळात दुसरी गेली की सगळंच गेलं.

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून पुसलेली फाइल रेड सगळ्या डिस्कवरून तितक्याच इमानाने पुसतो.

४. हक्क मागताना काय हाताशी ठेवायचं

अ‍ॅरेवर बहुधा तीन-चार पातळ्यांची खाती असतात: फक्त बघणारं, लन बनवून मास्किंग करू शकणारं, आणि खाती व सुरक्षेचे नियम बदलू शकणारं. कंपनीगणिक नावं बदलतात. सुरुवातीला फक्त बघण्याचं खातं मागा आणि तेच महिनाभर वापरा. मी असं सांगते कारण त्या महिन्यात तुम्ही कुणाचंही काही न बिघडवता पूर्ण अ‍ॅरे पाहून घेऊ शकता. एकाच माणसाकडे लन पुसायचा आणि लॉग पुसायचाही हक्क असू नये. तुमच्या ठिकाणी तसं असेल तर वरिष्ठांच्या नजरेला आणून द्या.

जागेची मागणी लिहिताना हे जमवून ठेवा, म्हणजे तिकीट परत येणार नाही:

- सर्व्हरचं नाव आणि त्याच्या सगळ्या पोर्टचे डब्ल्यूडब्ल्यूएन किंवा आयक्यूएन. हे सर्व्हरवरूनच कॉपी करा, जुन्या एक्सेलमधून नको. कार्ड बदललं की क्रमांक बदलतो आणि एक्सेल तसंच राहतं.
- किती जागा, कोणत्या एककात, आणि वर्षभरात किती वाढेल याचा अंदाज.
- लन एकाच सर्व्हरला हवा की क्लस्टरमधल्या अनेकांना.
- माउंटचा पाथ, तसंच त्या फोल्डरचा मालक, ग्रुप आणि परवानगी.
- अ‍ॅप्लिकेशनच्या मालकाची लेखी मंजुरी आणि चेंजचा क्रमांक.
- बॅकअप कोण घेणार आणि कधीपासून.
- काम फसलं तर मागे कसं यायचं, याच्या दोन ओळी.

तिसरा मुद्दा हलका समजू नका. एक्सटी४ किंवा एक्सएफएस या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिम असलेला एकच लन दोन सर्व्हरनी एकाच वेळी लिहिण्यासाठी माउंट केला तर डेटाची नासाडी ठरलेली. प्रत्येक सर्व्हर समजतो की ही डिस्क फक्त माझी. एकाच वेळी अनेकांनी वापरायचा असेल तर जीएफएस२ सारखी क्लस्टरसाठीच बनवलेली फाइल सिस्टिम लागते. मास्किंगची परवानगी इतकी जपून का देतात, त्याचं हे एक मोठं कारण.

५. रूट, सुडो आणि ‘डिस्क’ नावाचा ग्रुप

या भागाला वेळ द्या.

लिनक्समध्ये प्रत्येक डिस्क ही डेव्ह डिरेक्टरीतली एक फाइल असते. तिचा मालक रूट, ग्रुप बहुधा ‘डिस्क’ आणि परवानगी ६६०, म्हणजे मालक आणि ग्रुप वाचू-लिहू शकतात, बाकी कुणी नाही. नवीन माणसाला वाटतं की डिस्कचं काम करणाऱ्या यूझरला ‘डिस्क’ ग्रुपमध्ये टाकलं की झालं. असं करू नका. फाइलवरची वाचा-लिहा-चालवा ही परवानगी तपासली जाते ती फाइल सिस्टिममधून आत गेल्यावर. जो माणूस थेट डिस्कची फाइल उघडू शकतो तो ही तपासणी वळसा घालून टाळतो. पासवर्डची फाइल ६०० असो की ०००, तिचे बाइट्स त्याला डिस्कवरून वाचता येतात, बदलताही येतात. म्हणून ‘डिस्क’ ग्रुपचा सदस्य जवळजवळ रूटच समजा.

मग हक्क द्यायचे कसे? सुडोने (ठरावीक कमांड रूटच्या हक्काने चालवू देणारं साधन), नेमकी कमांड ठरवून. जागा बघणाऱ्या टीमला ‘पीव्हीएस’, ‘व्हीजीएस’, ‘एलव्हीएस’ आणि ‘मल्टिपाथ’ची यादी दाखवणारा पर्याय एवढं पुरतं. सुडोचे नियम नेहमी ‘व्हिसुडो’नेच बदला, ते सेव्ह करण्याआधी व्याकरण तपासतं. साध्या एडिटरने बदललं आणि एक चूक राहिली तर सुडोच बंद पडू शकतो, म्हणजे ती चूक सुधारायचा हक्कही गेला. आणखी एक: सुडोमध्ये कुणाला एडिटर देऊ नका. एडिटरच्या आतून शेल उघडता येतं आणि ते शेल रूटचं असतं. एखादी फाइल बदलायला द्यायचीच असेल तर ‘सुडोएडिट’ वापरा.

आता एक प्रसंग सांगते. एका डेटाबेसला फाइल सिस्टिमशिवाय थेट डिस्कवर लिहायचं होतं. त्या टीमने डिस्कची मालकी मागितली, मी ‘सीएचओन’ चालवून मालकी बदलली, डेटाबेस सुरू झाला, तिकीट बंद झालं. तीन महिन्यांनी पॅचिंगसाठी सर्व्हर रीस्टार्ट झाला आणि रात्री दोन वाजता फोन आला की डेटाबेस उठत नाही. डेव्हमधल्या फाइली प्रत्येक बूटला नव्याने तयार होतात, त्यामुळे मालकी परत रूटकडे गेली होती. शिवाय त्या दिवशीची एसडीसी आता एसडीई झाली होती, कारण ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात. कुणी त्या क्षणी घाईत एसडीसीची मालकी डेटाबेसला दिली असती तर डेटाबेस दुसऱ्याच कुणाच्या डिस्कवर लिहायला बसला असता. अशी मालकी युडेव्हच्या (डेव्हमधल्या फाइली तयार करणाऱ्या यंत्रणेच्या) नियमाने द्यायची असते, आणि तो नियम डिस्कच्या कायमच्या ओळख क्रमांकावर बांधायचा असतो. नियम लिहून झाला की ठरलेल्या वेळेत एकदा रीस्टार्ट करून बघा. रीस्टार्टनंतर टिकली तरच ती परवानगी खरी.

विंडोजमध्ये डिस्क मॅनेजमेंट वापरायला अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स किंवा बॅकअप ऑपरेटर्स ग्रुप लागतो. तिथे नवीन लन बऱ्याचदा ऑफलाइन दिसतो आणि ‘इनिशियलाइझ करायचं का’ अशी खिडकी समोर येते. तो लन खरोखर नवा आहे आणि क्लस्टरमधल्या दुसऱ्या सर्व्हरचा नाही, हे कळेपर्यंत ती खिडकी बंद करा.

६. नवीन लन आल्यावर: एकेक पाऊल

अ. लन मिळण्याआधी ‘एलएसबीएलके’ चालवून डिस्कची यादी फाइलमध्ये ठेवा. लन मिळाल्यावर बस रिस्कॅन करा, म्हणजे सर्व्हरला जोडलेल्या डिस्क पुन्हा शोधायला लावा, पुन्हा तीच कमांड चालवा आणि दोन्ही याद्या शेजारी ठेवून बघा. नवीन काय आलं ते असंच ओळखायचं.

आ. इथे बहुतेक जण दचकतात. एक लन मागितला आणि डिस्क आल्या चार: एसडीबी, एसडीसी, एसडीडी, एसडीई, सगळ्या सारख्याच आकाराच्या. सर्व्हरचे दोन पोर्ट आणि त्या प्रत्येकाला अ‍ॅरेचे दोन पोर्ट, म्हणून एकाच लनकडे जाणारे चार पाथ. चारही नावं एकाच जागेची. एसडीबीवर फाइल सिस्टिम बनवून एसडीसीवर दुसरी बनवलीत तर पहिलीवरच कुऱ्हाड पडते. ‘मल्टिपाथ’ची यादी काढा, चारही पाथ एका नावाखाली दिसले पाहिजेत, आणि पुढे सगळं काम त्या एका नावानेच करायचं. चारऐवजी दोनच पाथ दिसले तर पुढे जाऊ नका. आज काम चालेल, पण ज्या दिवशी एक स्विच बंद होईल त्या दिवशी सर्व्हरही अडेल.

इ. ओळख क्रमांक अ‍ॅरेवरच्या क्रमांकाशी जुळवा, सगळे अंक. मल्टिपाथच्या यादीत बहुधा सुरुवातीला एक जादा ३ दिसतो. तो ओळखीचा प्रकार सांगणारा अंक आहे, तो सोडून बाकीचे जुळले पाहिजेत. आकार जुळला म्हणजे डिस्क तीच, असं कधीही धरू नका. एकाच आकाराचे लन कपाटभर असतात.

ई. डिस्क खरंच रिकामी आहे का? ‘वाइपएफएस’ कोणताही पर्याय न देता चालवलं तर ते फक्त जुन्या खुणा दाखवतं, पुसत नाही. खुणा दिसल्या तर थांबा आणि विचारा. खुणा नसल्या तरी शंभर टक्के खात्री होत नाही, कारण काही डेटाबेस फाइल सिस्टिमशिवाय थेट लिहितात. म्हणून आधीचं पाऊल महत्त्वाचं.

उ. मग ‘पीव्हीक्रिएट’, ‘व्हीजीक्रिएट’, ‘एलव्हीक्रिएट’ आणि फाइल सिस्टिम. पार्टिशन करायचंच असेल तर त्याची नोंद ठेवायची जीपीटी पद्धत घ्या. ५१२ बाइट्सच्या सेक्टरवर जुनी एमबीआर पद्धत २ टीआयबीच्या पुढे जात नाही.

ऊ. एफएसटॅबमध्ये (बूटला काय कुठे माउंट करायचं याची यादी असलेली फाइल) नोंद एसडीबी अशा नावाने करू नका. यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा कायमचा ओळख क्रमांक) वापरा किंवा लॉजिकल व्हॉल्यूमचं नाव. नोंद केल्यावर लगेच ‘माउंट’ सगळं माउंट करण्याच्या पर्यायासह चालवून बघा. नोंदीतली चूक आत्ता दिसली तर एक ओळ सुधारायची असते. रीस्टार्टला दिसली तर सर्व्हर आणीबाणीच्या मोडमध्ये अडकतो.

ए. मालकी माउंट केल्यानंतर द्या. हा सापळा फार जणांना लागतो. रिकाम्या फोल्डरला आधी मालक दिला आणि मग माउंट केलं की वर नव्या फाइल सिस्टिमचा स्वतःचा मालक दिसतो, म्हणजे रूट. खालचा फोल्डर झाकला जातो. अ‍ॅप्लिकेशन म्हणतं ‘परमिशन डिनाइड’ आणि तुम्ही म्हणता ‘मी तर दिली होती’. दोघंही खरं बोलत असता. उलट बाजूनेही हे बाधतं: कधी माउंट झालंच नाही तर अ‍ॅप्लिकेशन त्या खालच्या फोल्डरमध्ये लिहीत राहतं आणि सर्व्हरची मुख्य (रूट) फाइल सिस्टिम भरून जाते. खालचा रिकामा फोल्डर रूटच्या मालकीचा आणि बाकीच्यांना बंद ठेवला तर हे टळतं.

७. फाइलवरचे हक्क

७५५, ६४० हे परवानगीचे आकडे तुम्हाला माहीत असतील, ते सोडून देते. तीन गोष्टी मात्र रोज अडवतात.

फाइल पुसायचा हक्क फाइलवर नसतो, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर असतो. फाइल रूटची आणि ४०० असली तरी डिरेक्टरीत लिहायचा हक्क असलेला यूझर ती पुसू शकतो. टेम्प डिरेक्टरीवर १७७७ असतं ते याचसाठी. सुरुवातीचा १ म्हणजे स्टिकी बिट, ज्यामुळे दुसऱ्याची फाइल पुसता येत नाही.

टीमच्या सामायिक डिरेक्टरीला २७७० द्या. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक फाइल डिरेक्टरीचा ग्रुप घेते. तो नसला की प्रत्येकाची फाइल स्वतःच्या ग्रुपची होते आणि दुसऱ्याला उघडत नाही. मग कुणीतरी वैतागून सगळ्यावर ७७७ मारतं. ७७७ ची मागणी आली की मूळ अडचण काय आहे ते विचारा. मला आजवर बहुतेक वेळा ग्रुपच चुकलेला सापडला आहे. ग्रुप बरोबर असूनही दुसऱ्याला लिहिता येत नसेल तर यूमास्क (नव्या फाइलवरून कोणते हक्क काढायचे ते ठरवणारा आकडा) बघा. ०२२ असेल तर ग्रुपचा लिहायचा हक्क फाइल बनतानाच निघून जातो.

‘एलएस’च्या लांब यादीत परवानगीच्या शेवटी अधिकचं चिन्ह दिसलं तर तिथे एसीएल, म्हणजे नावानिशी दिलेल्या जादा हक्कांची यादी, आहे. अशा फाइलवर ‘सीएचमॉड’ने ग्रुपचा अंक बदलला की खरं तर एसीएलचा मास्क बदलतो आणि नावानिशी दिलेले हक्कही आकसतात. आधी ‘गेटएफएसीएल’ने बघा.

एनएफएसवर (नेटवर्कवरून फोल्डर वापरू देणारी पद्धत) आणखी दोन गोष्टी. सर्व्हरच्या बाजूला रूट स्क्वॉश मुळातच चालू असतो, त्यामुळे क्लायंटवरचा रूट तिथे पोचल्यावर कुणीच नसलेला यूझर बनतो, बहुधा ६५५३४ क्रमांकाचा. रूट असूनही लिहिता येत नाही ते यामुळे, आणि रूट स्क्वॉश बंद करा असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. दुसरं म्हणजे नेहमीच्या पद्धतीत यूझरची ओळख नावाने होत नाही, यूआयडीच्या आकड्याने होते. एका मशीनवर १००१ एक माणूस आणि दुसऱ्यावर १००१ भलताच माणूस असेल तर पहिल्याच्या फाइली दुसऱ्याला उघड्या. याच पद्धतीत एका यूझरचे जास्तीत जास्त १६ ग्रुप पुढे जातात. सतराव्या ग्रुपमुळे हक्क मिळायला हवा होता तो माणूस बाहेरच राहतो आणि कारण लवकर सापडत नाही.

विंडोजच्या शेअरवर शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची (विंडोजच्या फाइल सिस्टिमची) परवानगी दोन्ही लागू होतात. नेटवर्कवरून येणाऱ्याला त्यातली जी कडक तीच मिळते.

८. जागा वाढवताना आणि जागा भरल्यावर

लॉजिकल व्हॉल्यूम वाढवताना अधिकचं चिन्ह विसरू नका. ‘एलव्हीरिसाइझ’ला ‘+२०जी’ म्हटलं तर २० जीबी वाढतात; नुसतं ‘२०जी’ म्हटलं तर एकूण आकार २० जीबी करायचा असा अर्थ होतो, आणि व्हॉल्यूम १०० चा असेल तर तो कापला जातो. कमांड इशारा देते, पण घाईत माणूस होकार देऊन मोकळा होतो. वाढवायचंच असेल तर ‘एलव्हीएक्स्टेंड’ वापरा. ते कापतच नाही. एक्सटी४ माउंट काढून लहान करता येते; एक्सएफएस लहान होत नाही असंच धरून चाला. म्हणून सुरुवातीला कमी द्या आणि लागेल तशी वाढवा.

‘डीएफ’ (फाइल सिस्टिमची जागा दाखवणारी कमांड) म्हणतं भरलं आणि ‘डीयू’ची (फाइलींचे आकार मोजणारी) बेरीज निम्मीच येते, तेव्हा पुसलेली पण अजून कुठल्यातरी प्रोसेसने उघडी धरलेली फाइल शोधा. जागा शिल्लक दिसते पण फाइल बनत नाही, तेव्हा आयनोड (प्रत्येक फाइलला लागणाऱ्या नोंदी) संपले का ते बघा. रूटला लिहिता येतं पण अ‍ॅप्लिकेशनला नाही, तेव्हा एक्सटी४ ने रूटसाठी राखलेले ५ टक्के आठवा. १० टीबीवर ते ५०० जीबी होतात.

थिन प्रोव्हिजनिंगमध्ये (प्रत्यक्ष असलेल्या जागेपेक्षा जास्त कबूल करण्याच्या पद्धतीत) समजा दहा सर्व्हरना २-२ टीबी कबूल केलेले असतात आणि पूल १२ टीबीचाच असतो. सर्व्हरवर जागा मोकळी दिसते, पूल मात्र भरत आलेला असतो. पूल भरला की सगळ्यांचं लिहिणं एकदम थांबतं. त्यामुळे पूलवर नजर ठेवण्याचा हक्क सर्व्हरच्या टीमलाही द्या, निदान बघण्यापुरता. सर्व्हरवर फाइल पुसली म्हणून पूलमध्ये जागा परत जातेच असं नाही. त्यासाठी मोकळी जागा खाली कळवणारं ‘एफएसट्रिम’ चालवावं लागतं.

९. लन परत घेताना क्रम उलटा

जोडताना खालून वर गेलात, काढताना वरून खाली या. अ‍ॅप्लिकेशन थांबवा, माउंट काढा, एफएसटॅबमधली ओळ काढा, लॉजिकल व्हॉल्यूम आणि व्हॉल्यूम ग्रुप काढा, फिजिकल व्हॉल्यूमची खूण काढा, मल्टिपाथचं नाव काढा, चारही पाथ सर्व्हरवरून काढा, आणि मगच अ‍ॅरेवर मास्किंग उठवा. मास्किंग आधी उठवलं तर सर्व्हर नाहीशा झालेल्या डिस्कची वाट बघत बसतो आणि ‘एलव्हीएस’सारखी साधी कमांडही लटकते. अ‍ॅरेवरचा लन त्याच दिवशी पुसू नका. मी तो मास्किंग उठवून आठवडाभर तसाच ठेवते. कुणाचा काही राहून गेलेला वापर असेल तर त्या आठवड्यात फोन येतो आणि लन परत दाखवता येतो. व्हॉल्यूम ग्रुप आणि खुणा काढायचं कामही म्हणूनच डेटा लागणार नाही असं मालकाने लेखी कळवल्यावर करा.

माणसांचे हक्कही असेच परत घ्यायचे असतात आणि तेच राहून जातात. टीम सोडणाऱ्याचं अ‍ॅरेवरचं खातं, स्विचवरचं खातं, सुडोची ओळ आणि सर्व्हरच्या ग्रुपमधलं नाव अशा चार जागा बघा. पहिल्या भागातला कागद इथे कामी येतो. ग्रुपमधून नाव काढलं तरी आधीपासून चालू असलेल्या सेशनकडे जुना ग्रुप तसाच राहतो, कारण ग्रुपची यादी लॉगिनच्या वेळी एकदाच वाचली जाते. म्हणून नाव काढल्यावर ‘डब्ल्यू’ने त्याची सेशन्स बघा, पाठीमागे चालू ठेवलेल्या प्रोसेस शोधा, त्या बंद करा आणि मग तिकीट बंद करा.